तात्पुरती जोडणी

नव्या ब्रेडबोर्डच्या छिद्रात वायरचं सोललेलं टोक खुपसताना बोटांना एक सूक्ष्म अडथळा जाणवतो. आतला धातू क्षणभर नाही म्हणतो, मग किंचित सरकून जागा देतो आणि लगेच घट्ट धरतो. इतकी वर्षं मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची प्रॅक्टिकल्स घेते आहे, तरी त्या पकडीचं अप्रूप ओसरलेलं नाही! तुम्ही ही वस्तू पाहिली नसेल, तर एक पंजाएवढी पांढरी पट्टी डोळ्यांसमोर आणा: अंगभर बारीक छिद्रं, आणि त्या छिद्रांखाली दडलेले धातूचे चिमटे. वायर खोचली की जोडणी झाली, उपसली की मोडली. डाख द्यायला नको, आच नको, धूर नको. चुकलं तर उपसा आणि पुन्हा मांडा. माणसाच्या आयुष्याला अशी सोय असती तर? पण या सोयीचीही एक किंमत असतेच. चिमटे हळूहळू सैल होतात, वरून सारं जागच्या जागी दिसतं आणि आत कुठेतरी संबंध तुटलेला असतो. विद्यार्थी मग तासभर सर्किटला शिव्या घालत बसतात.

गेल्या दिवाळीनंतर आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं. वाचा राहिली, पण आवाज इतका क्षीण झाला की कान तोंडाशी न्यावा लागे. लालबागच्या आमच्या चाळीत असतो तर तिचं नुसतं कण्हणंही शेजारच्या खोल्यांत पोचलं असतं आणि हाकेआधीच कुणीतरी दारात उभं राहिलं असतं. आता चाळीच्या जागी टॉवर आहे, आम्ही वरच्या मजल्यावर आहोत, आणि आपल्याच घरात स्वयंपाकघरात आईचा आवाज ऐकू येत नाही. बाजारातल्या तयार घंटीचं बटण तिच्या अशक्त झालेल्या डाव्या हातालाही दाबवेना. म्हणून मीच एक घंटी रचली. तिच्या तळव्याखाली तांब्याची पातळ पट्टी ठेवायची. नुसता स्पर्श झाला की स्वयंपाकघरात घंटी वाजायची, आणि हात असेपर्यंत वाजत राहायची. सगळं सर्किट ब्रेडबोर्डवर मांडून पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलं.

दादा, माझा मोठा भाऊ, फोनवर म्हणाला, "अगं, सोल्डर करून टाक ना एकदाचं. पोरांना शिकवतेस की रोज!"

मी म्हटलं, "कशाला? पाडव्यापर्यंत उठेल ती. तात्पुरतंच तर आहे."

तात्पुरतं! किती दिलासा देणारा शब्द आहे हा! दुःखाला आपण घरात घेतो, पण पाहुणा म्हणून. त्याचं नाव दारावरच्या पाटीवर लागू देत नाही. डॉक्टर व्यायाम सांगत होते, मी तो करून घेत होते, आणि त्या पांढऱ्या पट्टीकडे पाहिलं की मला बरं वाटत असे. आई उठली की वायरी उपसायच्या, बोर्ड कॉलेजात न्यायचा, की झालं. पाडवा आला आणि गेला. माझ्या बोलण्यात पाडव्याच्या जागी गणपती आले.

एका दुपारी स्वयंपाकघरातलं आवरून मी खोलीत गेले. आईचं तोंड भिंतीकडे होतं, चादर ओली झाली होती, आणि डावा हात पट्टीवर तसाच होता. घंटी वाजलीच नव्हती; मधलं दार लोटलेलं, म्हणून ते तिला कळलंही नव्हतं. तिला पुसताना, कपडे बदलताना मी पुन्हा पुन्हा विचारत राहिले, तेव्हा ती कशीबशी म्हणाली, "वाटला, तू कामात आसशीत."

रागावली असती तर सोसलं असतं. पण आपली लेक ऐकूनही आली नाही, असं तिला वाटलं होतं आणि तेही तिने समजून घेतलं होतं! मी बोर्ड तपासला. एका चिमट्याने वायर सोडली होती, इतकंच.

तरी मी काय केलं? दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोडला गेले, अधिक चांगला ब्रेडबोर्ड आणायला. दुकानदाराने काउंटरवर ढीग ओतला आणि मी भाजी निवडावी तसे बोर्ड निवडू लागले. जरा वाकवून पाहिले, मागचा कागद सुटतोय का पाहिलं, बारीक वायर खोचून, तिला धरून अख्खा बोर्ड उलटा टांगून पाहिला. जे खाली पडले ते बाजूला सारले. कडेच्या लांब पट्ट्या काही बोर्डांत मधोमध तोडलेल्या असतात, वरून कळतही नाही, आणि अर्ध्या अंगाला वीज पोचत नाही. तेही मीटर लावून पाहताना माझा हात थांबला. अर्ध्या अंगाला! मीटर खाली ठेवून मी उगाचच रस्त्याकडे पाहत राहिले.

"मॅडम, इतना क्या देखते हो? सबमिशन तक तो कोई भी चलेगा," दुकानदार हसत म्हणाला. मी पुन्हा मीटर उचलला, तसं त्याने विचारलं, "वैसे कितने दिन चलाना है?"

फार दिवस म्हणावं, तर ती उठणार नाही हे कबूल केल्यासारखं. थोडे दिवस म्हणावं, तर त्याचा दुसरा अर्थ त्याहून भयंकर. त्यातला सर्वांत चिवट बोर्ड घेऊन मी निघाले.

घरी येऊन आईच्या पलंगाशी बसले आणि जुन्या बोर्डावरच्या वायरी एकेक करून नव्यावर खोचू लागले. ती बघत होती. आयुष्यभर लोकांचे ब्लाउज शिवलेली बाई. हाताच्या कामावरची नजर अजून तशीच होती. थोड्या वेळाने तिने बोट हलवून मला जवळ बोलावलं.

"कच्च्या टाक्यार किती दिस ठेवतलंस गो?" ती म्हणाली. श्वास घेऊन पुन्हा म्हणाली, "मशीन मार आता. मी खंय उठतंय!"

तिच्या स्वरात ना तक्रार होती, ना निराशा. गिऱ्हाइकाला सांगावं तसं तिने सांगितलं. जे मी तिच्यापासून लपवते आहे असं समजत होते, ते तिला केव्हाचंच ठाऊक होतं. मला कळायची ती वाट पाहत होती.

मी कपाटातून सोल्डरिंगची कांडी आणि डाख धरणारी एक कोरी प्लेट काढली, सगळं सर्किट बोर्डावरून तिच्यावर उतरवलं, खिडकी उघडली. डाखाची तार वितळली, राळेचा उग्र, गोडसर धूर खोलीत वळवळला, आणि एकेक सांधा चकाकून हळूहळू निस्तेज होत थंड झाला. मग तांब्याची पट्टी तिच्या हाताखाली सरकवली. तिने तळवा टेकवला. उघड्या दारातून स्वयंपाकघरातली घंटी ऐकू आली, स्पष्ट, खणखणीत.

मी तिच्यासमोरच होते, तरी उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून रडले. घंटी वाजतच होती. माझं रडणं आईच्या कानी पडू नये इतका घंटीचा आवाज होता. आईने बराच वेळ हात उचलला नाही.