घेतलं तर दोघांना

वर्लिन हॉगनने उभा जन्म मिनियापोलिसच्या विमानतळावर बॅगा विमानात चढवण्यात घालवला. थंडीत मिशांवर बर्फ साचायचं, पण गड्याची बडबड थांबायची नाही. निवृत्तीनंतर कंपनीने त्याला आणि त्याच्या बायकोला, इर्माला, विमानप्रवास फुकट केला. फुकट म्हणजे जागा उरली तर. आधी पैसे भरलेले, मग आधीचं विमान चुकलेले, मग नोकरीतले, आणि सगळ्यांच्या शेपटाला निवृत्त. "बॅगा चढवायला मी पुढे, बसायला मात्र मागे," असं तो मला ऐकवायचा. जणू क्रम मीच लावला होता! मी गेटवर नुसती नावं पुकारते.

दोघांची नावं कायम एकत्र. एकच जागा उरली की मी विचारायची, "एक जण जाता का?" वर्लिनचं उत्तर ठरलेलं, "घेतलं तर दोघांना घे, नाहीतर राहू दे." मग इर्मा हसत रूबार्बच्या, त्या आंबट देठांच्या, वड्यांचा डबा माझ्यापुढे करायची आणि दोघं पुढच्या विमानाची वाट बघत बसायची. मला हेवा वाटायचा. माझा नवरा मला टाकून खुशाल गेला असता.

गेल्या ऑक्टोबरात तो बऱ्याच महिन्यांनी दिसला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. दूर बिस्मार्क शहरात त्याचा धाकटा भाऊ एल्डन शेवटच्या घटका मोजत होता. वर्लिनला आता गाडी चालवता येत नव्हती.

"आजच पोचायला हवं गं, डार्ला. उद्यापर्यंत काही तो थांबत नाही."

यादीत नेहमीची दोन नावं होती. इर्मा दिसली नाही. कॉफी आणायला गेली असेल, असं मला वाटलं.

बिस्मार्कचं त्या दिवसाचं शेवटचं विमान भरलं. एकच जागा उरली. वर्लिन खुर्चीत पेंगत होता. रात्रभर डोळा लागला नव्हता त्याचा.

"वर्लिन! एकच आहे रे. तू तरी जा ना!"

तो दचकून जागा झाला. "छे गं. घेतलं तर दोघांना घे, नाहीतर राहू दे."

त्याच्या खालच्या नावाची बाई धावत आत गेली. दार लागलं.

मग वर्लिन उठून माझ्यासमोर आला. चेहरा पांढराफटक. "डार्ला, काय बोललो गं मी? इर्मा एप्रिलमध्येच गेली. तिचं नाव काढायला हात धजला नाही माझा."

मी आत फोन करून वैमानिकाच्या विनवण्या केल्या. लागलेलं दार उघडत नाही. त्या नियमाचा मला इतका संताप कधीच आला नव्हता. वर्लिन मात्र कुणावरच रागावला नाही, आणि तेच मला सहन होईना.

संध्याकाळी एल्डन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्लिन अंत्यविधीसाठी निघाला. काळा कोट घालून माझ्यापुढे उभा राहिला.

"आता एकच नाव ठेव गं," तो म्हणाला.

मी इर्माचं नाव काढलं. त्या विमानात अर्ध्या जागा रिकाम्या होत्या.