उकळलेली कवळी

अ‍ॅक्रिलिकचं काम करतो म्हटलं की लोक विचारतात, "दारावरच्या पाट्या का?" त्यांचंही चुकत नाही. आमच्या धुळ्यातल्या देवपुरात दारोदार अ‍ॅक्रिलिकची पाटी आहे. दिवाळीत उंबऱ्यापुढे अ‍ॅक्रिलिकची तयार रांगोळी मांडतात, सत्कारात अ‍ॅक्रिलिकची सन्मानचिन्हं वाटतात, भिंतीचा रंगही तोच आणि थंडीतल्या स्वेटरची लोकरही तीच. एका नावाखाली इतकं गणगोत असल्यावर मी तरी काय सांगणार! माझ्यापुरतं अ‍ॅक्रिलिक म्हणजे गुलाबी भुकटी आणि नाकाला झोंबणारं एक पातळ द्रव्य. दोन्ही कालवून गोळा करायचा, साच्यात दाबायचा, साचा आवळून पाण्यात उकळायचा. निवल्यावर साचा उघडला की आत हिरडी तयार. डॉक्टर तोंडाची मापं पाठवतात, मी कवळ्या करतो. या कामात माझे केस पांढरे झाले.

आईची कवळीही मीच केली होती. ती दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावी राहते, थोरल्या जावेच्या शेजारी. त्या जावेला मी मोठी माय म्हणायचो. दोघींचं भांडण झालं नाही असा आठवडा गेला नसेल, पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की सगळं विसरून दोघी ओट्यावर बसायच्या आणि झोक्यावरच्या माहेरवाशिणींसाठी गाणी म्हणायच्या. मोठी माय ओळ टाकायची, आई उचलायची. ही वाटणी कधी बदलली नाही.

यंदा आखाजीच्या तीनेक आठवडे आधी मोठी माय गेली. सुतक फिटलं तसं घर सारवून, भांडी घासून, अंथरुणं धुऊन झाली. मी तेरावा आटोपून धुळ्याला परतलो. चारेक दिवसांनी आई एकटीच बसने माझ्याकडे आली, तोंडाला पदर लावून. पदराच्या गाठीतून तिनं कवळी काढली. वरचा भाग पार मुरडला होता.

"हाई काय करं तू, माय?" मी ओरडलोच. दहा गिऱ्हाइकं असली की एक जण असं करून आणतो, तेव्हा मी हसून घेतो. आईवर मात्र आवाज चढला.

तिनं शांतपणे सांगितलं. सुतकात घरातलं बठ्ठं उकळलं, धुतलं. हे दातही त्याच तोंडात होते, त्याच तोंडानं ती रडली होती, मग त्यांना सुतक नाही का? म्हणून मी धुळ्याला निघाल्यावर तिनं ते तपेलीत खळखळ उकळले. मग ते बसेनात, तेव्हा तिला वाटलं रडून रडून हिरड्या सुजल्या असतील. चार दिवस ती बोटांनी दाबून दाबून बसवायचा प्रयत्न करत होती.

"आन तू बी त्या उकाळस ना?" ती म्हणाली. "तुन्हा कारखानामा मी दखेल शे."

माझ्या कारखान्यात तिनं खरंच बघितलं होतं. साच्यात आवळलेलं अ‍ॅक्रिलिक उकळून पक्कं होतं, साच्याबाहेर उकळलं की मुरडतं, हे मी डॉक्टरांकरवी प्रत्येक गिऱ्हाइकाला कळवतो. स्वतःच्या आईला सांगायचं राहून गेलं होतं. मला माझीच लाज वाटली.

"आखाजीले दात पाहिजेत," ती म्हणाली. आखाजीला सहा दिवस होते. मोठ्या मायची लेक, माझी चुलत बहीण, पहिल्यांदाच आईविना आखाजीला माहेरी येणार होती. तिला दारात पदरानं तोंड झाकून कसं घ्यायचं? आणि गाणं? दातांशिवाय आईच्या तोंडून अर्ध्या अक्षरांचा नुसता वारा निघायचा. पहिलं वर्ष म्हणून झोका बांधायचा नव्हता, पण पोरीला मुक्या घरात बसवणं आईला मंजूर नव्हतं.

मी तिला ठेवून घेतलं. डॉक्टरांच्या पायऱ्या चढून पुन्हा माप, मग मेणावर दात लावून बघणं, मग साचा. बाकीची कामं मी बाजूला सारली. एरवी हाताला सवय आहे, पण त्या आठवड्यात गोळा दाबताना मी दोनदा थांबलो. साचा उकळत असताना आई स्टुलावर बसून त्याकडे बघत होती आणि मला भाकरीबद्दल सूचना देत होती. इतकी वर्षं मी इथे आहे, पण ती दुपार मला फार आवडली.

आखाजीच्या आदल्या दिवशी तिला गावी सोडलं. दुसऱ्या दिवशी बहीण आली. आईनं तिला दारात उघड्या तोंडानं जवळ घेतलं. पितरांची घागर पुजून झाली, जेवणं झाली, मग दोघी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या. मी मधल्या दारात होतो.

मग आईनं ओळ टाकली. मोठ्या मायची ओळ. स्वच्छ, एकेक अक्षर वेगळं. आणि ती थांबली, कारण पुढची ओळ तिची स्वतःची होती.

"काकू," बहीण म्हणाली, "मन्ही मायनी ओळ तू लिधी. आते तुन्ही कोन लेई?"

"तूच ले, माय," आई म्हणाली.

बहिणीनं घेतली. सुरात नव्हती, मध्येच आवाज गेला, तरी शेवटपर्यंत नेली. आईनं पुढची टाकली. गाणं संपेपर्यंत मी दारातच उभा होतो आणि मला रडू आवरत नव्हतं.

निघताना मी आईला धंद्याचा प्रश्न विचारला, कवळी कुठे लागते का, सरकते का. तिसऱ्या ओळीला जराशी सरकते, म्हणाली. मी लगेच पिशवीतली कानस काढली, घासून देतो म्हटलं.

तिनं हात धरला. "ऱ्हाऊ दे. त्या जागे तुन्ही मोठी माय बी अडखळे."