दाताने ऐकणारा दादा

आमच्या दादाला ऐकू येत नाही, हे सगळ्या रस्त्याला माहीत आहे. चाळीस वर्षं हातोड्याचे घाव आणि इंजिनांची घरघर, कान टिकतील कसे? पण त्याला बहिरे मिस्त्री म्हणणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते, आमच्या गॅरेजमध्ये सगळ्यात चांगलं ऐकतो तो दादाच. तो दाताने ऐकतो. लाकडी मुठीचा एक जुना स्क्रूड्रायव्हर आहे त्याचा. टोक चालत्या मशीनवर टेकवायचं, मूठ दातात धरायची आणि डोळे मिटायचे. थरथर हाडातून थेट डोक्यात जाते म्हणतो. गिऱ्हाइकं हसतात. मूठ चावून चावून अर्धी झालीय, पण तिने सांगितलेलं निदान चुकल्याचं मला तरी आठवत नाही.

मी त्याची धाकटी बहीण. सुट्या भागांचं कपाट माझ्या ताब्यात. काय मागवायचं आणि कुणाकडून, हे मी ठरवते, आणि त्यात तो कधी नाक खुपसत नाही.

नर्सबाईंची गाडी बावीस वर्षांची. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्या इंजेक्शनं देतात, जखमा धुतात. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा पंप गेला म्हणून गाडी आमच्याकडे आली. मी नवा पंप मागवला, दादाने बसवला, गाडी छान निघाली. तिसऱ्या दिवशी चढावर बंद पडली. दहा मिनिटं थांबल्यावर गुपचूप सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

बाई आल्या त्या चिडल्या नव्हत्या, तेच मला जास्त लागलं. दादाला ओठ वाचता यावेत म्हणून समोर उभ्या राहून सावकाश म्हणाल्या, "मिस्त्री, माझी माणसं घड्याळाकडे बघत पडलेली असतात. आता बंद पडली तर गाडी दुसरीकडे न्यावी लागेल." दादाने मान हलवली. दुपारी तो जेवला नाही. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून दुसरीकडे गेलेली गाडी मी पाहिलेली नाही.

त्याला पंपाचाच संशय होता. मी हटून बसले. नवा कोरा पंप, माझ्या हाताने खोक्यातून काढलेला, तो कसा बिघडेल? दुसरीकडे बघ म्हटलं. बिचाऱ्याने माझं ऐकून फिल्टर बदलला, पंपाला वीज जोडणारा रिले बदलला, वायरींचे जोड घासून पुसून नवे केले. थंड गाडीत सगळी मापं बरोबर यायची. पूर्ण दिवस गेला. संध्याकाळी त्याने पुन्हा पंपाकडे बोट दाखवलं आणि माझा तोल सुटला. माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, "तुला ऐकू येत नसेल तर दुसऱ्या कुणाला तरी ऐकू दे."

ओठ तो फार चांगले वाचतो. हात पुसले आणि घरी गेला. रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी मी पोचले तेव्हा गाडी गॅरेजच्या अंगणात चालू होती. मागची सीट काढून तिच्याखालचा पंप उघडा केलेला, दादा गुडघ्यांवर वाकलेला, टोक पंपाच्या झाकणावर, मूठ दातात. व्होल्ट मोजायच्या मीटरच्या वायरी पंपाच्या प्लगला लावून ठेवलेल्या. पाच मिनिटं, पंधरा, अर्धा तास. साठी उलटलेला माणूस, गुडघे दुखतात त्याचे, पण हलला नाही. मी शेजारी उभी. इंजिन अगदी मजेत चाललं होतं. एकाएकी त्याने हात वर केला. मला काहीच वेगळं ऐकू आलं नाही. त्याने बाजूला होऊन मूठ माझ्यापुढे धरली. मी ती दातात धरली.

आत कुणीतरी दमत होतं. सूर जड होत होत खाली चालला होता. मिनिटभराने इंजिनाने आचके दिले आणि ते थांबलं. मीटरचा काटा मात्र जागचा हलला नव्हता. वीज पंपापर्यंत नीट पोचत होती, तापल्यावर दम सोडत होता तो माझा नवा कोरा पंपच.

भंगारातल्या तसल्याच गाडीचा जुना पंप दादाने काढला. तोही तासभर चालवून दाताने ऐकला, मगच बाईंच्या गाडीत बसवला. स्वतः त्याच चढावर चार फेऱ्या मारून आला.

बाई गाडी न्यायला आल्या आणि चूक काय होती विचारलं. मी जमीन फाटून पोटात घेईल तर बरं अशा अवस्थेत. दादा म्हणाला, "चूक माझी. जुना माल मी ऐकून घेतो. बहिणीच्या कपाटातला कधी ऐकत नाही, तिने दिलाय म्हणजे चांगलाच. म्हणून हाही न ऐकताच बसवला."

मी बाईंना म्हटलं, "खोटं बोलतोय तो. पंप मी आणला, हट्ट मी केला. याने एकट्याने बरोबर ऐकलं."

मी बाईंकडे वळलेली, त्यामुळे दादाला ओठ दिसले नाहीत. काय म्हणालीस, म्हणून त्याने विचारलं. मग मी त्याच्या कानाशी गेले आणि तेच पुन्हा बोलले, छातीतला सगळा दम लावून. समोरच्या दुकानांतली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. ऐकू दे त्यांनाही.