चिठ्ठीबिगर गाडी सुटत न्हाई

गाड्या संध्याकाळी आपापल्या घरी जात्यात. किस्से मातूर पार्किंगातच मुक्कामाला ऱ्हात्यात! त्यातनं आमचं पार्किंग दवाखान्याचं. बाजारात आलेला माणूस निवांत गाडी लावतो. दवाखान्यात आला की जीव टांगणीला आनि गाडी कशीबी.

सांगलीत ह्या गेटावर मला सहा वर्सं झाली. मी शालन, कवठे महांकाळकडली. माझं गेट दोन नंबर. एक नंबरला तात्या, सातारकडचं रिटायर हवालदार. आनि दोघांच्या डोक्यावर पार्किंगचा ठेकेदार. त्येला आमी मालक म्हणतो.

मालकांनी पयल्याच दिवशी दम दिला, "बायामाणसाला गाडीतलं काय कळत न्हाई. तीन तक्रारी आल्या की घरी!"

मी म्हणलं, "आनि गड्यामाणसाला किती?"

तात्या लांबनं खोकलं. मालकांनी माझ्या हातावर शिट्टी टेकवली आनि गेलं. माझी लेक मिरजंला नर्सिंगला. ही नोकरी गेली तर तिचं शिक्षण गेलं, हे मला झोपंतबी कळतंय. पर तोंड काय गप बसंना, त्येला मी काय करू?

*

पयली तक्रार एका शब्दापायी झाली.

अथणीकडनं एक जीप आल्ती. आत पेशंट म्हातारी. मी मागं उभी ऱ्हाऊन सांगतीय, "येऊ द्या, येऊ द्या…" भित्त जवळ आली तशी वरडले, "बास! बास! बास!"

जीप आली की सरळ भित्तीवर! धडाम!

डायवर खाली उतरून माझ्यावरच कावला, "नीनऽ बा अंदी!"

तितं एक जतचा पेशंट बाकड्यावर बसल्याला. त्येनं पोट धरून हसत सांगितलं, "आवं बाई, कानडीत 'बा' म्हंजी 'ये'! तुमी त्येला 'ये ये ये' म्हणलासा!"

इंडिकेटर फुटला, तक्रार झाली. तवापास्नं कर्नाटकची नंबरपट्टी दिसली की मी वरडते, "साकु! साकु!" म्हंजी पुरे. मालकांनी एकदा ऐकलं आनि इचारलं, "ही साकू कोन?"

*

तात्यांची तऱ्हाच येगळी. एक मास्तर स्कूटर आडवी लावून तरातरा निगालं. तात्यांनी छाती फुगवून आवाज टाकला, "थम!"

मास्तर थांबलं. त्यांच्या मागं मोबाईलवर बोलत जाणारं डॉक्टर थांबलं. च्याची किटली घेतल्याला गडी थांबला. पायरीवर दोन पेशंट एक पाय वर धरून तसंच!

तात्यांनी सगळ्यांवर नजर फिरवली. "बाकीच्यांनी चालू पडा. फकस्त स्कूटर!"

*

एक दिवस पांढरी फटक मोठी गाडी ॲम्ब्युलन्सच्या जागंत घुसली. ती जागा कवाबी मोकळी ठेवायची, ह्यो माझा शिरस्ता. डायवर काळा चष्मा लावून खाली उतरला.

मी म्हणलं, "दादा, काढा गाडी. ॲम्ब्युलन्सची जागा हाय."

"म्हाईत हाय का ही गाडी कुणाची हाय?"

"न्हाई बा! तुमी इसरलासा व्हय? माईकवरनं पुकारायला सांगू का, कुणाची गाडी हरावलीय म्हणून?"

रांगंतली समदी खो खो हसाय लागली. चष्मा गाडीत बसला आनि गुमान भायेर गेला. तक्रार करनार हुता म्हणं. पर तक्रारीत लिवनार काय?

*

दुसरी तक्रार मातूर मनाला लागली.

माझ्या बापाची मेंढरं. दीडशे मेंढरं, पर बाप एकेकाला तोंडावरनं वळखायचा. ही कानफाटी, ही बांडी, ही लंगडी. माझंबी गाड्यांचं तसंच. नंबर कशाला बगायचा? आरसा मोडल्याली, सीटला फडकं बांदल्याली, हँडलला लिंबू-मिरची अडकवल्याली. आनि गाडी कुणी लावली, त्येचं तोंडबी ध्यानात ऱ्हातंय.

म्हसवडचा एक बाप्या आला. बायको आत आयसीयूत, डॉक्टरांनी औशिद भायेरनं आणाय सांगितल्यालं. त्येची पार्किंगची चिठ्ठी हरावली हुती. खिशे उलटे करून रडाय लागला. मी म्हणलं, "चिठ्ठी ऱ्हाऊ द्या. तुमची ती लाल, एका बाजूचा आरसा न्हाई ती. सकाळी तुमीच लावली, मी बगितलंय. न्हेवा."

त्यो गेला, औशिद घिऊन आला, बायको वाचली. पर मालकांनी क्यामेऱ्यात बगितलं आनि मला हापिसात उभं केलं.

"चिठ्ठीबिगर गाडी कशी सोडलीस?"

"मालक, मी वळखते की गाडी."

"वळखबिळख काय न्हाई! रूल म्हंजी रूल! चिठ्ठीबिगर गाडी सोडायची न्हाई. उद्या माझी गाडी आसली तरी सोडायची न्हाई! कळलं?"

"कळलं," मी म्हणलं. लय राग आल्ता. बाई जगली ह्येचं काय न्हाई, कागूद न्हाई ह्येचं दुक! पर ध्यानात ठिवलं.

*

आनि आता तिसरी.

गेल्या म्हयन्यात मालकांनी नवी गाडी घेतली. पेढं घिऊन दवाखान्यातल्या सायबांना दावाय आलं. आलं ते थेट ॲम्ब्युलन्सच्या जागंत!

मी आडवी झाले. "मालक, तितं न्हाई."

"आगं, मी हाय!"

"दिसतंय की. तरीबी न्हाई."

गेटावर पंधरा-वीस माणसं बगत हुती. मालकांचं तोंड लालबुंद झालं. मी त्यांना भित्तीकडंच्या कोपऱ्यात वळवलं. लय अडचणीची जागा, पर बोटभर बोटभर सांगून गाडी आत घातली. नव्या रंगाला चरासुदिक न्हाई. चिठ्ठी फाडून फुडं केली तर म्हणलं, "मला चिठ्ठी? तिसरी तक्रार माझीच! दे शिट्टी, आनि चालू लाग घरला!"

डोळ्यापुढं लेक आली. पर त्येच्याफुडं रडनार? हाट! शिट्टी दिली. जाता जाता ॲम्ब्युलन्सच्या जागंला दोरी बांदली आनि भायेर गेटासमोरच यष्टीची वाट बगत थांबले.

गेटाला कुणी न्हाई म्हणल्यावर काय हुतंय? ज्यो यील त्यो घुसला. अर्ध्या तासात मालकांच्या गाडीमागं तीस-चाळीस मोटरसायकली, एकमेकीच्या अंगावर. समदी माणसं आत पेशंटाजवळ, मुक्कामाला.

मालक भायेर आलं. गाडी बगितली. तात्यांना हाक मारली. तात्या जाग्यावरनं हललं न्हाईत. "माझी पोस्ट एक नंबर गेट. दोनला जायाची ऑर्डर न्हाई."

मग मालक रस्त्यावर माझ्याकडं आलं. शिट्टी फुडं धरली. "बाई, झालं गेलं सोड. ह्यातनं काढ तेवडी."

मी म्हणलं, "आता यष्टी आली माजी. सकाळी आटला गेटावर आणून द्या."

आनि बसले यष्टीत. रातभर डोळ्याला डोळा न्हाई, खोटं कशाला बोलू!

सकाळी आटला गेटावर गेले. मालक रिक्षानं येऊन आदीच उभं हुतं, हातात शिट्टी. माझ्या हातावर ठिवली. मी गळ्यात घातली. म्हसवडच्या बाप्याची वळख ठिवली तशी काल यष्टीची वाट बगता बगता समद्यांची ठिवल्याली. वार्डात जाऊन एकेकाला गोळा केलं, एक एक मोटरसायकल काढली. वाट मोकळी झाली. मालक चावी फिरवत गाडीकडं निगालं.

मी शिट्टी वाजवली. हात फुडं केला.

"मालक, चिठ्ठी?"