तेलाजवळ ठेवलेला डबा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला माहीत आहे, पण तेही मी सांगितलं म्हणून नव्हे.

दिवाळीनंतरचा मंगळवार होता. भाडं वीस रुपये. नागोठण्याहून खांब गावाच्या पुढे आमच्या गावाकडे निघालेल्या प्रवासी मॅजिक टेम्पोत गाडीवाला काशिनाथ, मी, मोहल्ल्यातली हमीदाचाची आणि आणखी चार-पाच जण, ज्यांचा पुढे काही संबंध नाही. मी हिशेबी माणूस आहे. आकड्यापासून सुरुवात केली की पुढचं सरळ येईल असं वाटतं. येत नाही.

माझ्या पायाशी पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा होता. खाद्यतेलाचा, जुना, लेबल निघून गेलेला. आत तणनाशक.

पेणला रामवाडीत माझा मेहुणा राहतो. आम्ही दोघांनी मिळून मोठा कॅन घेतला होता, लिटरमागे स्वस्त पडतो म्हणून. भात निघालं होतं, वाल टाकण्याआधी शेतातलं तण मारायचं होतं. मेहुण्याच्या अंगणात आम्ही वाटणी केली. कॅन, त्यावरचं लेबल, आतला माहितीचा कागद सगळं त्याच्याकडे राहिलं आणि माझा वाटा या डब्यात घेऊन मी नागोठण्याला उतरलो. आमच्याकडे बरेच जण असंच करतात. पण मला ते म्हणायची सोय नाही — कारण आमच्या शेतकरी गटाचा अध्यक्ष मी आहे.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर कृषी सहायकांनी शाळेत बैठक घेतली होती आणि नियमांचा कागद वाचायला माझ्याच हातात दिला होता. औषध मूळ डब्यातच न्यायचं, लेबलसकट. झाकण घट्ट, डबा उभा. खाण्याच्या वस्तू, जनावरांची पेंड आणि माणसं यांच्यासोबत एका गाडीत न्यायचं नाही. कुणाला बाधा झाली तर लेबल डॉक्टरांना दाखवायचं. मी मोठ्याने, स्पष्ट वाचलं. चाचीही समोर बसली होती, तिचं शेत माझ्या बांधाला लागून आहे. वाचून झाल्यावर मी काशिनाथला उभं केलं. आठवड्यापूर्वी त्याने कुणाची तरी फवारणीची बाटली पेंडीच्या पोत्यावर ठेवून आणली होती. "उद्या जनावर मेलं तर तू भरून देणार काय?" असं मी त्याला सगळ्यांदेखत विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला, "चुकलं अण्णा. परत नाय व्हायचं."

आणि त्याने शब्द पाळला. तेव्हापासून गाडी सुरू करण्याआधी तो मागे वळून विचारायचा. त्या मंगळवारीही विचारलं.

"औषध-बिवषध हाय का कोणाकडं? असल तर आत्ताच उतरा. अण्णांचा कायदा हाय, माझा नाय!"

सगळे हसले. मीही हसलो. मग त्याची नजर माझ्या पायाशी गेली.

"काय अण्णा, डब्यात काय?"

"तेल हाय," मी म्हणालो.

"वयनीनं तळणीला बसवलंय वाटतं! द्या हिकडं, तुमच्या पायात सांडल."

त्याने डबा उचलला आणि पुढे, आपल्या सीटमागे, हमीदाचाचीच्या डब्याशेजारी ठेवला. चाचीने घाण्यावरून शेंगदाण्याचं तेल आणलं होतं. तोही तसलाच डबा, तसलंच पिवळं काहीतरी आत. "तेल तेलाजवळ बरं," तो म्हणाला.

मी तेव्हा बोलू शकलो असतो. गाडी अजून उभीच होती.

घरी आल्यावर डबा पडवीत ठेवला आणि हातपाय धुवायला गेलो. बायकोने आतून विचारलं, "तुम्ही तेल कवापासून आणाय लागलात?" झाकण तिच्या हातात होतं. मी वास घेतला. शेंगदाण्याचा खमंग वास. पुढची गोष्ट तुम्हाला कळली असेल. मलाही तिथल्या तिथे कळली. उतरताना काशिनाथने डबे हातात दिले होते आणि मी न बघता माझा म्हणून घेतला होता. चाचीकडे त्या संध्याकाळी पाहुणे यायचे होते, वाटेत तिनेच सांगितलं होतं. वडे तळायचे होते.

चाचीचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये आहे. गटातल्या सगळ्यांचे आहेत. मोबाइल खिशात होता. 'त्या डब्याला हात लावू नका' एवढंच म्हणायचं होतं. पण मग ती विचारणार, का? त्यात काय आहे? आणि गाडीत तू काय सांगितलंस? हे सगळं माझ्या डोक्यात इतक्या वेगाने उभं राहिलं की हात खिशाकडे गेलाच नाही. मी तेलाचा डबा पिशवीत घातला, मोटरसायकलच्या हुकला अडकवला आणि निघालो. जाऊन गुपचूप बदलून येऊ, हसत 'डबे बदलले गो चाची' म्हणू, एवढाच माझा बेत. मोहल्ला गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. मी एरवी कशाकशाची मिनिटं मोजतो, ती मात्र कधी मोजली नाहीत. भीती वाटते.

दारातच ओरडणं ऐकू आलं.

चाचीची सून नसरीन चुलीशी होती. कढईतलं तेल तापेना, नुसता फेस येऊ लागला, म्हणून ती वाकून बघायला गेली आणि ते उसळून डोळ्यात आणि गालावर उडालं. चाची तिला पदराने पुसत होती. मला बघताच म्हणाली, "अण्णा! अल्लानं धाडलं रे तुला!"

पिशवी हुकला तशीच राहिली.

मी काशिनाथला फोन केला — हो, तो फोन मला लगेच करता आला — आणि त्याच्या गाडीतून आम्ही नसरीनला रोह्याला नेलं. निघण्याआधी कढई आणि तो डबा मी मागे नेऊन, कुणी विचारायच्या आत, दोन्ही खड्ड्यात रिकामे केले. "खराब तेल आहे, पोरं हात लावतील," असं म्हणालो. चाची उलट म्हणाली, "बरा केलास."

आता जे सांगायचं ते हे. इतका वेळ मी त्याच्याभोवती फिरतोय.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय उडालं? गरम तेलच ना? दुसरं काही नाही?" काशिनाथ म्हणाला, "तेलच वो डॉक्टर. माझ्याच गाडीतून आलं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चारचौघांत जरा जाणता दिसतो म्हणून असेल. मला लेबलचं वाक्य पाठ होतं. बैठकीत मीच वाचलं होतं ते. त्याच कागदावर हेही होतं की डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने, बराच वेळ धुवायचं.

मी मान हलवली. हो, तेलच.

त्यांनी तेलाने भाजल्यावर करतात ते केलं. मलम लावलं, पट्टी बांधली. डोळा धुतला गेला तो दुसऱ्या दिवशी, सूज वाढल्यावर, दुसऱ्या डॉक्टरांकडे. मी खरं बोललो असतो तर डोळा वाचला असता का? मला माहीत नाही. हे कुणाला विचारायचं तर आधी सगळं सांगावं लागतं.

नसरीनला आता डाव्या डोळ्याने धूसर दिसतं. समोरून आली की मान जराशी वळवून बघते, तेव्हा मी रस्ता बदलतो. ती म्हणते, "सलाम अण्णा." दरवेळी म्हणते.

मोहल्ल्यात बोललं गेलं की काशिनाथच्या गाडीत तेलाची काहीतरी गडबड झाली. घाणेवाला म्हणाला, माझं तेल चोख होतं, वाटेत काय झालं ते गाडीवाल्याला विचारा. माणसं त्याच्या गाडीत बसेनाशी झाली. एक दिवस तो माझ्या खळ्यावर आला. बसला नाही. म्हणाला, "अण्णा, एक विचारू? तुमच्या डब्यात तेलच व्हतं ना?"

"व्हय," मी म्हणालो.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग माझंच काहीतरी चुकलं असल." आणि गेला. त्याला कळलं होतं का? मी रोज हाच विचार करतो. पुढे त्याने मॅजिक विकली. आता एका कंपनीची बस चालवतो, शिफ्टमध्ये. पहाटे ती बस आमच्या फाट्यावर थांबते, हॉर्न वाजतो आणि मी अंथरुणात उठून बसतो. बायको जागी असते.

चाचीचं तेल अजून आमच्या माळ्यावर आहे. परत द्यायचं तर सगळं सांगावं लागेल, वापरायला बायको तयार नाही, फेकायला माझा हात होत नाही. आता त्याला खवट वास येतो. उन्हाळ्यात खालीसुद्धा येतो.

यंदाही पावसाआधी बैठक झाली. नियम मीच वाचले.

नसरीनच्या उपचाराचे पैसे तिच्या नवऱ्याने कुवेतहून पाठवले. पहिल्या दिवशीचे रोह्याचे पैसे काशिनाथने भरले, आपल्या गाडीतून आलेल्या वस्तूने झालं म्हणून. मी या सगळ्यात दिले ते वीस रुपये. दुपारी त्याच्याकडे सुट्टे नव्हते म्हणून माझं भाडं राहिलं होतं. रोह्याहून परत आल्यावर त्याने मला चाचीच्या दारात, माझ्या मोटरसायकलपाशी सोडलं, तेव्हा मी ते त्याच्या हातात ठेवले. आणि हिशेबी माणूस ना मी — विचारलं, माझ्या डब्याचं भाडं किती?

"नको अण्णा," काशिनाथ म्हणाला. "घरच्या तेलाचं कसलं भाडं?"