नणंदबाईंच्या हयातीचा दाखला

आमचे हे डोंबिवलीतल्या एका छोट्या बँकेच्या शाखेचे मॅनेजर. म्हणजे कागदोपत्री मॅनेजर. प्रत्यक्षात कुणाच्या मुलाच्या ॲडमिशनपासून कुणाच्या सासूच्या मोतीबिंदूपर्यंत सगळं यांच्या टेबलावर येतं, आणि तिथून आमच्या जेवणाच्या टेबलावर. खातेदाराचा फोन आला की यांचा आवाज कसा मऊ होतो! लग्नाला तेहतीस वर्षं झाली, माझ्याशी एकदा तरी तसे बोललेत का, मला आठवत नाही.

नोव्हेंबरात तर विचारूच नका. पेन्शनवाल्यांनी आपण जिवंत आहोत हे बँकेला दाखवायचं असतं ते नोव्हेंबरात. हयातीचा दाखला म्हणतात त्याला. त्यांनी साहेबांसमोर सही करायची, खाली साहेबांनी 'समक्ष पाहिले' म्हणून सही ठोकायची. दाखला गेला नाही की पेन्शन थांबते. हल्ली ते मोबाईलवरही होतं म्हणे, पण म्हाताऱ्या माणसांचे अंगठे झिजलेले, मशीन घेतच नाही. मग जे अंथरुणाला खिळलेत त्यांच्या घरी हे स्वतः जातात, तेही रविवारी. मीही जाते बरोबर. नाहीतर हे घरोघर गोड चहा ढोसतात आणि शुगर वाढली की खापर माझ्या स्वयंपाकावर.

एकदा आंबिवलीला गेलेलो, रेल्वेतून रिटायर झालेल्या एका काकांकडे. दारात जयभीम झाला, पाणी आलं, पण काका गाढ झोपलेले. सून म्हणाली, "उठवते." हे म्हणाले, "नको नको, झोपू दे." पाऊण तास बसलो. शेवटी ती बिचारी म्हणाली, "साहेब, घोरतायत की! जिवंतच आहेत." हे म्हणाले, "ते ऐकू येतंय हो, पण घोरून सही कशी करणार?" अशा माणसाबरोबर मी संसार केलाय.

आणि हाच माणूस सख्ख्या बहिणीच्या बाबतीत माती खाऊन बसला.

ताई म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. लग्न केलं नाही. जन्मभर डोंबिवलीच्या शाळेत शिकवलं, यांचं शिक्षण केलं, आता ठाण्याला खोपटला एकट्या राहतात. पेन्शन मात्र यांच्याच शाखेत येते, आणि दुसरं उत्पन्न नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा हे एकूण एक खातेदाराच्या घरी पत्रिका आणि अक्षता घेऊन गेले. कोलशेतच्या एकाकडे तर दोनदा, कारण पहिल्यांदा तो घरी नव्हता. आणि ताईंना? पत्रिका मोबाईलवर पाठवली. मी म्हटलं, "अहो, जाऊन या." तर म्हणे, "अगं, ती घरचीच! घरच्यांना कसलं आमंत्रण?"

ताई लग्नाला आल्या, अक्षता टाकल्या, नवरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि न जेवता निघून गेल्या. तेव्हापासून भाऊबीज नाही की फोन नाही. मागच्या नोव्हेंबरात शाखेत आल्या, दुसऱ्या साहेबांसमोर सही केली आणि यांच्या केबिनकडे ढुंकूनही न बघता गेल्या. हेही तसलेच. "तिनं करावा फोन. मी काय गुन्हा केलाय?"

या नोव्हेंबरात ताई बाथरूममध्ये घसरल्या, पाय मोडला. आम्हाला कळलं कधी, तर त्यांची शेजारीण दाखल्याचा कागद घेऊन शाखेत आली तेव्हा. ताईंची सही आधीच केलेली. "त्यांना जिना उतरता येत नाही. तुम्ही फक्त खाली सही करा म्हणाल्या." यांनी काय करावं? कागद परत केला! आणि घरी येऊन मला सांगतायत. माझं डोकंच फिरलं.

"अहो, सख्खी बहीण आहे तुमची! शेजारीण सांगतेय ना, जिवंत आहे म्हणून?"

"मी पाहिलेलं नाही."

"मग पाहा ना जाऊन! परक्यांसाठी सगळा गाव पालथा घालता. तिची पेन्शन थांबली तर ती खाणार काय, तुमचा नियम?"

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली, कोरा फॉर्म घेतला आणि मला म्हणाले, "चल." मुदत संपायला तीन दिवस राहिलेले.

खोपटची ती बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बेल वाजवली. आतून ताईंचा आवाज आला, "कोण?"

हे म्हणाले, "मी. बँकेतून आलोय."

मी कपाळावर हात मारला. दोन वर्षांनी बहिणीच्या दारात उभा राहिलेला माणूस, आणि म्हणतो काय, तर बँकेतून!

"माझं बँकेत काही काम नाही."

"ताई, दाखला करायचाय. दार उघड."

"आवाज ऐकतोयस ना? मग आहे मी जिवंत. कर सही."

"आवाजावर चालत नाही. समक्ष पाहावं लागतं."

"मग लिही, मेली म्हणून!"

"त्यालाही दाखला लागतो, ताई. तो महापालिका देते."

मजल्यावरची दारं पटापट उघडली. ती शेजारीण तोंडाला पदर लावून हसत होती. शेवटी मीच दाराशी तोंड नेऊन म्हटलं, "ताई, यांचं जाऊ द्या. मी तीन जिने चढून आलेय, गुडघे बोंबलतायत. माझ्यासाठी तरी उघडा."

आत वॉकरची टकटक झाली. बराच वेळ होत राहिली. मग दार उघडलं.

केवढ्याशा झालेल्या हो ताई! हे नुसते बघत राहिले. हातात फॉर्म, पण पेन काही काढेनात.

"बघितलंस ना समक्ष?" ताई म्हणाल्या. "आता एक खरं सांग. हा कागद नसता, तर आला असतास?"

मी मनात म्हटलं, बोला हो, आयुष्यात एकदा तरी खोटं बोला. आलो असतो म्हणा, संपवा.

हे खाली बघून म्हणाले, "नसतो आलो. लाज वाटत होती. चुकलं माझं, ताई. जगाच्या दारात गेलो, तुझ्या दारात आलो नाही."

ताईंचे डोळे भरून आले. पण बाई हाडाची मास्तरीण! फॉर्म हातात घेतला, नीट वाचला आणि परत दिला. "आज सही करत नाही. उद्या ये."

"अगं, मुदत संपतेय!"

"तीन दिवस आहेत, मला मोजता येतं. उद्या ये. परवाही ये."

पुढचे दोन्ही दिवस हे बँकेतून परस्पर खोपटला. दुसऱ्या दिवशी मी पिठलं-भात घेऊन गेले, तर दोघं लहानपणी वडिलांचा चष्मा कुणी फोडला यावर तावातावानं भांडत होते. तिसऱ्या दिवशी ताईंनी सही केली. यांनी खाली 'समक्ष पाहिले' लिहिलं, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले.

चौथ्या दिवशी हे घरी आले, चहा घेतला आणि पुन्हा बूट घालायला बसले.

"आता कुठे?"

"खोपटला."

"अहो, दाखला गेला ना काल?"

"दाखला गेला," हे म्हणाले. "ताई आहे ना."