इर्मेलाने मिटून ठेवलेला चेलो

इर्मेला लिपोल्ड वाद्यांच्या तारा गुंडाळायची. आमच्या जर्मनीतल्या फोग्टलँडच्या खोऱ्यात हे काही नवलाचं काम नाही. इथे दर तिसऱ्या घरात कुणी व्हायोलिनची मान कोरत असतो, नाहीतर गजाला घोड्याचे केस बांधत असतो. पोलादी तारेवर केसाएवढी बारीक चांदीची तार चढवायचं काम इर्मेलाने सव्वीस वर्षं केलं, एकाच यंत्रापाशी बसून. त्यामुळे बोटांची टोकं कायमची करडी झालेली. बाजारात तिने टोमॅटो दाबून बघितले की भाजीवाली ओरडायची, "इर्मेला, ते हात तुझ्या तारांना लाव, माझ्या मालाला नको!"

"माझ्या तारा तुझ्या मालापेक्षा ताज्या असतात," इर्मेला म्हणायची आणि हवे तेच टोमॅटो उचलायची.

नवरा आर्नो वाद्यं घडवायचा. घरामागेच त्याचा कारखाना. माणूस अबोल, दिवसाला दहा वाक्यं बोलला तर त्यातली सहा लाकडाशी. मुलगा एकच, फाल्क.

मी रोस्विता. टपाल कचेरीत खिडकीवर बसायचे आणि आमच्या चौघांच्या वाद्यमेळात व्हायोला, म्हणजे जरा जाड आवाजाचं व्हायोलिन, वाजवायचे. पहिलं व्हायोलिन होर्स्टचं. तो दातांचा डॉक्टर, सगळीकडे घाई. दाढ उपटावी तसा सूर उपटायचा. दुसरं व्हायोलिन इर्मेलाचं. चेलोवर, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायच्या थोरल्या व्हायोलिनवर, एक म्हातारे शाळामास्तर होते. ते वारले तेव्हा चौदा वर्षांचा फाल्क त्यांच्या खुर्चीवर येऊन बसला आणि महिनाभरात आम्हा तिघांना पुरून उरला. होर्स्टची बायको आम्हाला चांडाळ चौकडी म्हणायची.

दर रविवारी तीन वाजता लिपोल्डांच्या बैठकीत आमची तालीम असे. वर्षातून एकदा, नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे पहिली मेणबत्ती लावतात त्या दिवशी, घरगुती मैफल. पंचवीसेक माणसं, अग्निशमन दलाकडून मागून आणलेल्या खुर्च्या, आणि इर्मेलाने केलेला आलुबुखारचा केक. आम्ही रोमँटिक काळातलं संगीत वाजवायचो, दीडशे वर्षांपूर्वीचं. ते मुळात अशाच खोल्यांसाठी लिहिलेलं. वाजवणाऱ्याचा श्वास ऐकणाऱ्याच्या कानावर यावा इतक्या जवळून ऐकायचं.

फाल्कच्या अठराव्या वाढदिवसाला आर्नोने त्याला चेलो दिला. दोन वर्षं खपून केलेला. मॅपलचं लाकूड आर्नोच्या वडिलांनी साठवून ठेवलेलं होतं. फाल्कने पहिला सूर काढला आणि आर्नो उठून कारखान्यात निघून गेला. इर्मेला हसून म्हणाली, "रडायला गेलाय. विचारू नका, भुसा डोळ्यांत गेला म्हणून सांगेल."

अठ्ठ्याण्णवचा फेब्रुवारी. फाल्क तेव्हा वीस वर्षांचा होता, जवळच्या प्लाउएन शहरात सुतारकाम शिकत होता, आणि रविवारी मित्राची गाडी घेऊन तालमीला यायचा. त्या दिवशी जंगलातल्या वळणावर बर्फाचा काचेसारखा थर होता. गाडी घसरली आणि झाडावर गेली. फाल्क जागीच गेला.

चेलो मागच्या सीटवर, आपल्या पेटीत होता. त्याच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. पोलिसांनी तो संध्याकाळी घरी आणून दिला, बाळाला धरावं तसा दोन हातांवर धरून. इर्मेलाने पेटी घेतली, फाल्कच्या खोलीत पलंगाला टेकवून ठेवली आणि दार लावून घेतलं. आमची चौकडी त्या दिवशी संपली.

पुढची पाच वर्षं मी आणि इर्मेला बुधवारी कॉफी प्यायचो. ती हवापाण्याचं बोलायची, कामाचं बोलायची. फाल्कचं नाव तिच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. महिन्यातून एकदा ती त्या खोलीतली धूळ पुसायची. पेटी उघडायची नाही.

आर्नोला मात्र ते सोसवेना. वाद्य वाजवलं नाही तर त्याचा आवाज मरतो, असं ह्या धंद्यातली माणसं मानतात, आणि आर्नो तर त्याखेरीज दुसरं काही मानतच नव्हता. दोन हजार तीन साली त्याच्याकडे यित्का वोंद्रोव्हा गज दुरुस्तीला आली. बाई सीमेपलीकडची, चेक, पस्तिशीची, संगीतशाळेत चेलो शिकवणारी. स्वतःचं वाद्य नाही, शाळेच्या खोक्यासारख्या चेलोवर वाजवायची. आर्नोने तिचं वाजवणं ऐकलं आणि त्याच आठवड्यात इर्मेलाला विचारलं, ह्या वर्षी मैफल करू या का, यित्का फाल्कचा चेलो वाजवेल.

इर्मेला म्हणाली, "तुझं तू बघ."

कुठल्याही बायकोने त्याचा अर्थ सांगितला असता. आर्नोने तो होकार धरला.

तालमी होर्स्टच्या दवाखान्यात झाल्या, यित्काने शाळेचाच चेलो आणला होता. इर्मेला आली, तिने स्वर जुळवले, वाजवलं, घरी गेली. पाच वर्षांत तिचा हात जराही बिघडला नव्हता. मला वाटलं, बरं झालं, गाठ सुटतेय. मी तिची जवळची मैत्रीण, आणि मला काही कळलं नव्हतं.

मैफलीच्या दिवशी पुन्हा खुर्च्या आल्या. केक मात्र होर्स्टच्या बायकोने आणला. इर्मेलाला जमलं नव्हतं. तीन वाजता आर्नोने चेलो आणून यित्काच्या हातात दिला. इर्मेलाने तिकडे पाहिलं नाही.

पहिला भाग होर्स्टने नेहमीसारखा पळवला. दुसरा संथ. त्यात आधी चेलो एकटाच गातो आणि बाकीचे मागाहून येतात. यित्काने सुरुवात केली. चारच सूर, आणि पाचव्यावर चेलो घोगरा गुरगुरला. चांगल्या चांगल्या चेलोंत असा एक सूर असतो. त्याला सगळीकडे लांडगा म्हणतात. यित्काचा चेहरा उतरला. ती थांबली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा गुरगुर. ऐकणाऱ्यांत कुणीतरी खाकरलं.

इर्मेलाने व्हायोलिन मांडीवर ठेवलं. "उजवा गुडघा," ती म्हणाली. "गुडघ्याने कड दाबून धरा. तो तसंच करायचा."

यित्काने गुडघा दाबला आणि तिसऱ्यांदा सुरू केलं. ह्या वेळी सूर स्वच्छ निघाला. खोलीतल्या प्रत्येकाला तो ओळखीचा होता. समोरच्या रांगेत फाल्कची शाळेतली बाई बसली होती, तिने तोंडावर हात धरला. इर्मेला तिच्या जागी बरोबर आली आणि शेवटपर्यंत वाजवत राहिली, एक सूर न चुकवता. भाग संपला. तिने व्हायोलिन खुर्चीवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेली. आर्नो तिच्या मागे गेला. पाणी द्यावं म्हणून मीही गेले, आणि दारातच थबकले.

"तू त्याचा आवाज उचलून परक्या बाईला दिलास," इर्मेला म्हणत होती.

"इर्मेला, लाकूड आहे ते. वाजवलं नाही तर मुकं होतं."

"होऊ दे ना मुकं! मी झाले, तेव्हा नाही तुला काळजी वाटली?"

तिने ओट्याची कड घट्ट धरली होती.

"मी फोन केला होता त्याला," ती म्हणाली. "त्या दिवशी. 'सगळे येऊन बसलेत, निघ लवकर, दर वेळी उशीर करतोस' असं मी म्हणाले. म्हणून तो जोरात आला. पाच वर्षं तो आवाज त्या पेटीत बंद होता आर्नो, आणि मला वाटायचं, पेटी उघडली नाही तर तो अजून वाटेत आहे."

"ठाऊक आहे मला," आर्नो म्हणाला. "मी तुझ्या शेजारी उभा होतो. मीच म्हणालो होतो, त्याला फोन कर."

ती वळून त्याच्याकडे बघत राहिली. तिला हे आठवत नव्हतं. सगळा दोष एकटीने वाहिला होता, आणि तो वाटून घेणारा माणूस पाच वर्षं तिच्याच टेबलाशी गप्प बसून सूप पीत होता.

"मग बोलला का नाहीस?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तू जाशील याची."

मी पाणी न देताच परतले. होर्स्ट आपणहून उभा राहिला आणि म्हणाला, "मंडळी, आजच्यापुरतं पुष्कळ झालं, केक खा." पण केकला कुणी हात लावला नाही. माणसं हळूच कोट चढवून निघाली.

यित्का पेटी बंद करत होती, डोळे पुसत होती. इर्मेला बाहेर आली. "लिपोल्डबाई, माफ करा," यित्का म्हणाली, "मला ठाऊक असतं तर मी हात लावला नसता."

"तुम्ही छान वाजवलंत," इर्मेला म्हणाली. "म्हणूनच सांगते, घेऊन जा. सीमेपलीकडे न्या, रोज वाजवा. मला ऐकू येणार नाही इतक्या लांब." यित्का आर्नोकडे बघू लागली, तेव्हा इर्मेला म्हणाली, "त्याला विचारू नका. मी आई आहे त्या पोराची."

चेलो सीमेपलीकडे गेला, आणि वसंतात इर्मेला प्लाउएनला बहिणीकडे राहायला गेली. घटस्फोट नाही, भांडण नाही. माझ्याजवळ एवढंच म्हणाली, "रोस्विता, मी आर्नोवर रागावलेय असं नाही गं. त्याच्याकडे बघितलं की मला तो फोन वाजताना ऐकू येतो." आर्नो दर रविवारी बसने तिच्याकडे जायचा. दोघं बहिणीच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायची, पत्ते खेळायची, पाचच्या बसने तो परत. दहा वर्षं असं चाललं. दहा वर्षांत त्याने व्हायोलिनं केली, व्हायोला केले, एकही चेलो केला नाही. गिऱ्हाइकाला म्हणायचा, "कंबर दुखते."

इर्मेला न्यूमोनियाने गेली, दोन हजार चौदाच्या मार्चमध्ये. आपल्याला गावात फाल्कशेजारी पुरावं, एवढी इच्छा तिने लिहून ठेवली होती. खाली आणखी एक ओळ होती: संगीत नको.

आमच्या खोऱ्यात संगीताशिवाय कुणाला पुरत नाहीत. दारुड्यासाठीसुद्धा दोन ट्रम्पेटवाले येतात. पाद्रीबुवांनी आर्नोला दोनदा विचारलं, नक्की ना? आर्नो म्हणाला, "तिने लिहिलंय."

सव्वाशे माणसं जमली, त्यांतली निम्मी काही ना काही वाजवणारी, आणि सगळ्यांचे हात रिकामे. यित्का सीमेपलीकडून आली होती, मागे उभी होती. शवपेटी खाली उतरवताना दोर घासल्याचा आवाज आला, मग मातीचा. होर्स्टला हात कुठे ठेवावे कळेना, त्याने ते खिशात कोंबले.

सगळे गेल्यावर आर्नोने माझा दंड धरला. "रोस्विता, रविवारी काय करायचं गं?" त्याने विचारलं.

"माझ्याकडे ये," मी म्हणाले.

तो आला. कॉफी घेतली, पत्ते पिसले, तीन जणांचे वाटले, आणि तिसरे पत्ते तसेच उपडे ठेवून खेळू लागला.